गट कोणी पाडले?

सोयाबीन काढणीला आले की औसा, निलंगा किंवा नायगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतात तलाठी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा माणूस टेप आणि दोरी घेऊन उतरतात. तक्त्यावरून निघालेल्या आकड्याइतकी पावले शेताच्या कोपऱ्यापासून मोजायची, तिथे खुंट्या ठोकून चौकट आखायची, तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, मळून तोलायचे. आणि अशा मोजक्या तुकड्यांच्या वजनावरून साऱ्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न धरायचे. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. विम्याची भरपाई मिळणार की नाही हे त्यावर ठरते, म्हणून बांधावर जमलेली माणसे सगळे बारकाईने पाहत असतात. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. हेच शेत का निवडले? चौकट नेमकी चांगल्या पिकात कशी पडली? ओढ्यापलीकडे पाऊस झाला आणि आमच्याकडे झाला नाही, तर दोन्हीकडची सरासरी आम्हाला का लावायची? नमुना निवडीच्या शास्त्रातले बहुतेक मूळ प्रश्न यात आले. मानसशास्त्रातील संशोधनाचे अभिकल्प आणि नमुना निवड या विषयाची ओळख नांदेड-लातूरच्या वाचकाला करून द्यायची, तर सुरुवात बांधावरूनच करावी. ती इतिहासालाही धरून आहे.

प्रयोगाचा अभिकल्प ही कल्पना शेतातच वाढली. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले, तेव्हा तिथे खतांच्या प्रयोगांच्या कित्येक दशकांच्या नोंदी पडून होत्या. अडचण साधी होती. एका वाफ्याला हे खत घातले, शेजारच्याला ते घातले, आणि पहिल्यात पीक जास्त आले, तर श्रेय खताचे की जमिनीचे? एकाच शेतात एका अंगाला भारी काळी जमीन असते, दुसऱ्या अंगाला मुरमाड. फिशर यांनी सांगितले की सारख्या पोताच्या जमिनीचे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे चिठ्ठी टाकून ठरवा. चिठ्ठीला जमिनीचा पोत कळत नाही आणि प्रयोग करणाऱ्याच्या मनातली इच्छाही कळत नाही. तिची सारी ताकद या न कळण्यात आहे. १९३५ मध्ये त्यांचा प्रयोगांच्या अभिकल्पावरचा ग्रंथ आला, आणि घटकीय अभिकल्प, उपचार, ब्लॉक ही शेतातली भाषा मानसशास्त्राने जशीच्या तशी उचलली. दुसरा धागा तर मराठी माणसाच्या हातून विणला गेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला जर्झी नेमन यांच्या सहवासात शिकले, परतल्यावर पिकांच्या अंदाजासाठी यादृच्छिक नमुन्याची पद्धत त्यांनी देशात रुजवली, आणि १९५४ मध्ये नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धान्तावर ग्रंथ लिहिला. बांधावरची ती खुंट्यांची चौकट त्या कामाचीच वंशज आहे.

नेमन यांनी १९३४ मध्ये एक इटालियन उदाहरण तपासले होते, ते इथे सांगण्यासारखे आहे. तिकडच्या जनगणनेचे सगळे कागद जपणे शक्य नव्हते, म्हणून दोन नामांकित संख्याशास्त्रज्ञांनी २१४ विभागांतून २९ विभाग विचारपूर्वक निवडले. सात महत्त्वाच्या बाबतींत या २९ विभागांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळत होती. पण या सात बाबी सोडून आठवी तपासायला घेतली की जुळणी ढासळू लागे. जाणकार माणसाने डोळसपणे निवडलेला नमुना त्याला जे आधीच माहीत असते तेवढ्यापुरताच प्रातिनिधिक राहतो. संशोधन मात्र आपण जे माहीत नाही त्यासाठी करत असतो.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. चांगल्या प्रयोगात दोन चिठ्ठ्या असतात. पहिली चिठ्ठी ठरवते की लोकसमूहातून अभ्यासात कोण येणार. तिला यादृच्छिक निवड म्हणतात, आणि निष्कर्ष किती लोकांना लागू करता येईल हे तिच्यावर ठरते. दुसरी चिठ्ठी ठरवते की आलेल्यांपैकी कोणाला काय मिळणार. ते यादृच्छिक वाटप, आणि फरकाचे कारण सांगता येईल की नाही हे तिच्यावर ठरते. या दोन चिठ्ठ्यांची गल्लत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत होते आणि प्रबंधांतही होते. पण गल्लतीहून मोठी अडचण वेगळी आहे. आपल्या भागातल्या बहुतेक अभ्यासांत दोन्हींपैकी एकही चिठ्ठी पडलेली नसते; गट आधीच पाडलेले असतात. कधी ते निसर्गाने पाडलेले असतात, कधी शासनाच्या वर्गवारीने, कधी गुणवत्ता यादीने, कधी जन्माने. म्हणून कोणताही निष्कर्ष वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे गट कोणी पाडले आणि कशाच्या आधारावर?

सर्वात ओळखीचा नमुना घेऊ. शंभर-सव्वाशे महाविद्यालयीन विद्यार्थी, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. त्यांत पुन्हा निम्मे ग्रामीण, निम्मे शहरी. चिंता किंवा समायोजन मोजणारी एक तयार चाचणी, मग प्रसरण-विश्लेषण, आणि शीर्षकाखाली ‘२ × २ घटकीय अभिकल्प’ असा उल्लेख. फिशर यांच्या घटकीय अभिकल्पात संशोधक घटक स्वतः देतो: हे खत आणि हे पाणी, वाफा कोणता ते चिठ्ठी ठरवील. ग्रामीणपण कोणाला चिठ्ठीने देता येत नाही. मुखेडहून नांदेडला आलेला मुलगा आणि नांदेडच्या वजिराबादेत वाढलेला मुलगा यांत गावाचा फरक आहेच. शिवाय वडिलांच्या उत्पन्नाचा, शाळेच्या माध्यमाचा, जातीचा, खोली करून एकटे राहण्याचा, घरी पैसे मागताना येणाऱ्या संकोचाचा असे किती तरी फरक एकाच गाठोड्यात बांधून येतात. चाचणीत पाच गुणांचा फरक निघाला तर तो गाठोड्याचा आहे एवढेच म्हणता येते. गाठोड्यातल्या कोणत्या वस्तूचा, ते या आराखड्यातून कळत नाही. त्यात हा ग्रामीण मुलगा शहरातल्या महाविद्यालयापर्यंत पोचलेला आहे. जो पोचला नाही, दहावीनंतर हैदराबादला बांधकामावर किंवा पुण्याला कंपनीत गेला, तो नमुन्यात नाही. तेव्हा ‘ग्रामीण युवकांची चिंता’ असे शीर्षक ज्या नमुन्याच्या जोरावर दिले जाते, त्या नमुन्यात ग्रामीण युवकांचा मोठा हिस्सा कधी येऊच शकत नव्हता. अशा अभ्यासाला माझा विरोध नाही. तो वर्णनात्मक, तुलनात्मक अभ्यास म्हणून उपयोगी असतो. त्याला प्रयोग म्हणू नये, आणि त्यातून कारण काढू नये, एवढेच म्हणणे आहे.

किल्लारीचे उदाहरण याहून फार गंभीर आहे, आणि या विषयाला त्यापेक्षा जवळचे उदाहरण मराठवाड्यात सापडणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्री लोक गाढ झोपेत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची धाब्याची छते झोपलेल्या माणसांवर आली. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिली जाते. त्यानंतर मानसिक आरोग्याचे अभ्यास झाले. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भूकंपाच्या आरोग्यविषयक परिणामांवर केंद्र चालवले. १९९६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये आलेल्या एका अहवालात तपासलेल्या वाचलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांत मानसिक विकाराचे निदान झाल्याचे नोंदवले आहे. आघातोत्तर ताण आणि नैराश्य त्यांत प्रमुख होते. अहवालकर्त्यांनी शीर्षकातच त्याला प्राथमिक म्हटले, हा त्यांचा प्रामाणिकपणा लक्षात ठेवावा. पुढे असे अहवाल उद्धृत होत जातात तेव्हा ‘प्राथमिक’ हा शब्द गळतो आणि ५९ टक्के हा आकडा उरतो.

हा आकडा कोणाचा? अभ्यासकांना भेटू शकली त्या माणसांचा. जे सोलापूरच्या रुग्णालयात होते, जे पुण्यात-मुंबईत नातेवाइकांकडे निघून गेले, ज्या मुलांना दूरच्या संस्थांनी नेले, ते गावात भेटण्याची शक्यता कमी होती. उलट ज्यांना जायला कुठे जागा नव्हती ते शेडमध्येच होते. म्हणजे खरे प्रमाण ५९ पेक्षा जास्त असू शकते, कमीही असू शकते. दिशा सांगता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की भूकंपानंतरच्या महिन्यांत वही घेऊन दारात आलेला प्रत्येक माणूस पंचनाम्याचा माणूस वाटणे स्वाभाविक होते. ज्याच्या उत्तरावर मदत अवलंबून असेल अशी शंकाही आहे, तो प्रश्नावलीला कसे उत्तर देईल, हे पद्धतीचा अभ्यास करणाऱ्याने धरून चालले पाहिजे. यात उत्तर देणाऱ्याकडे खोटेपणा नाही. प्रश्न विचारण्याची परिस्थितीच उत्तराचा एक भाग बनते.

किल्लारीचा खरा धडा मात्र पुनर्वसनात आहे. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, काही जागच्या जागी बांधली गेली, आणि आणखी पसरलेल्या भागात लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. चौकोनी आखणी, रुंद रस्ते, जुन्या गल्ल्या आणि भावकीची शेजारघरे मोडून पडलेली: नव्या गावांबद्दल समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. मानसशास्त्राचा विद्यार्थी सहज विचारील, की स्थलांतरित गावांतले लोक दुरुस्ती झालेल्या गावांतल्या लोकांपेक्षा अधिक खचलेले आहेत का? समजा मोजणी केली आणि ते तसे निघाले. तरी स्थलांतराने माणसे खचतात असे म्हणता येणार नाही, कारण कोणते गाव हलवायचे हे ज्या मोजपट्टीने ठरले तीच मोजपट्टी विध्वंसाची होती. ज्या गावाने जास्त माणसे गमावली तेच गाव हलले. शोक आणि स्थलांतर एकाच घरात, एकाच वर्षी आले. गट शासनाच्या वर्गवारीने पाडले, आणि त्या वर्गवारीने कारणाच्या दोन धाग्यांना गाठ मारून ठेवली.

असे गाठ पडलेले पुरावेही जगाच्या मानसशास्त्रात गाजले आहेत, आणि त्यांतला एक भारतातलाच आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही अशा भागात, यापेक्षा भयंकर काहीतरी होणार अशा अफवा पिकत होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर, जिथे विध्वंस प्रत्यक्ष झाला होता, तिथे अभ्यास केला. तशा अफवा तिथे आढळल्या नाहीत. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये बोधात्मक विसंगतीचा आपला सिद्धान्त मांडताना या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या: भीती वाटते पण कारण दिसत नाही, म्हणून मन कारण रचते. विचार विलक्षण आहे, आणि पुढे प्रयोगशाळेत त्याची इतर अंगांनी तपासणी झाली. पण मूळ तुलनेत एकीकडे मैदान आहे, दुसरीकडे डोंगर. एकीकडे भूकंप आहे, दुसरीकडे दरड. मध्ये सोळा वर्षे आणि देशाचे स्वातंत्र्य गेले. दोन गट निसर्गाने पाडले होते. फेस्टिंजर यांना त्या तुलनेने कल्पना सुचवली, आणि नैसर्गिक तुलनेकडून तेवढीच अपेक्षा धरावी. सिद्ध करण्याचे काम चिठ्ठीने झाले.

लातूरचे दुसरे उदाहरण सुखद आहे, आणि म्हणून त्यावर शंका घेणे अधिक कठीण आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे दिसू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जादा तास, सतत सराव चाचण्या, जुन्या प्रश्नपत्रिकांचा अभ्यास, शिक्षकांची मेहनत हे सगळे खरे होते. पण पॅटर्नचे नाव झाल्यावर नांदेड, परभणी, बीडपासून हुशार आणि जिद्दी मुले लातूरकडे येऊ लागली. आता यश अध्यापनाचे किती आणि आलेल्या मुलांचे किती? निकालाच्या आकड्यातून हे वेगळे होत नाही, कारण गट प्रवेशाच्या यादीने पाडला आहे. शिवाय फलकावर यशस्वी झालेल्यांचे फोटो असतात. दोन वर्षे त्याच बाकावर बसून गावी परतलेल्या मुलाची नोंद कुठे नसते, आणि शिकवणीच्या ताणाचा मानसशास्त्रीय अभ्यास करायचा तर तोच मुलगा सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे एक मार्ग मात्र आहे, आणि तो मानसशास्त्रातूनच निघाला. थिसलथ्वेट आणि कॅम्बेल यांनी १९६० मध्ये सुचवले की गुणांच्या कटऑफच्या अगदी लगत वरचे आणि अगदी लगत खालचे विद्यार्थी पाहा. अर्ध्या टक्क्याने प्रवेश मिळालेला आणि अर्ध्या टक्क्याने हुकलेला, ही दोन मुले क्षमतेने जवळजवळ सारखी असतात. कटऑफच्या रेषेवर यादी काही अंशी चिठ्ठीसारखी वागते. लातूरच्या महाविद्यालयांच्या अकरावीच्या प्रवेश याद्या हे अशा अभ्यासाचे आयते साधन आहे.

आता पहिल्या चिठ्ठीकडे, म्हणजे नमुना निवडीकडे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्यात ३३ लाख ६१ हजार आणि लातूर जिल्ह्यात २४ लाख ५४ हजार लोक होते, आणि दोन्हीकडे सुमारे तीन-चतुर्थांश लोक खेड्यांत राहत होते. नांदेडचे १६ तालुके एका साच्यातले नाहीत. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध आहेत. मुखेड, कंधार, लोह्यात बंजारा तांडे आहेत. देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगूची, लातूर जिल्ह्यातल्या उदगीर-देवणीकडे कन्नडची सरमिसळ आहे. शहरात दखनी बोलणारी मोठी वस्ती आहे आणि हुजूर साहिबच्या परिसरात पंजाबी कानी पडते. पुण्यात प्रमाणित केलेल्या मराठी चाचणीतला ‘चिंता’ हा शब्द तांड्यावरच्या बाईला परीक्षेतला शब्द वाटतो. ती घोर लागला म्हणेल, जीव लागत नाही म्हणेल, किंवा सरळ टेन्शन म्हणेल. स्तरित नमुना काढायचा तर जिल्ह्याचे स्तर कोणते, हे पुस्तकातून मिळत नाही; ते जिल्हा ओळखूनच ठरवावे लागतात. ऋतूही नमुना बदलतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल घेतलेले असे कोयते मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. जानेवारीत घरोघर फिरून केलेली पाहणी कितीही काटेकोर असली तरी ही घरे तिला कुलूपबंद दिसतील, आणि कुलूपबंद घर सोडून पुढच्या घरी जाण्याची मुभा दिली की नमुन्यातून नेमकी सर्वांत ओढग्रस्त घरे गळतील.

शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासात तर वगळण्याचे काम यादीनेच केलेले असते. शासकीय मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरीय समिती ठरवते, आणि त्यात जमिनीची मालकी व मान्य स्रोताचे कर्ज पाहिले जाते. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री, बटईने कसणारा माणूस, खासगी सावकाराच्या तोंडी कर्जात बुडालेला माणूस यांचे प्रकरण अपात्र ठरण्याची शक्यता अधिक. पात्र यादीतून नमुना घेऊन ‘कर्ज हे प्रमुख कारण’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे यादीचा निकषच निष्कर्ष म्हणून परत मिळवणे होय. त्यात तुलनेसाठी तेच कर्ज, तेवढीच जमीन असलेले जिवंत शेतकरी घेतले नाहीत, तर कर्ज असूनही जगणाऱ्या हजारोंबद्दल आपण एक अक्षरही शिकत नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला पैशांचा. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विद्यार्थी जिल्हाभर कसा फिरणार? या आक्षेपाला मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाने उत्तर दिले आहे. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात जनगणनेच्या यादीतून ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे, आणि घरे निवडण्यासाठी गावाचे भाग पाडून ठरावीक अंतराने दार ठोठावणे, ही पद्धत स्थानिक स्वयंसेवकांनी, पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीच, नांदेड आणि लातूरमध्येही वापरली आहे. ते शाळेऐवजी घरी जातात, कारण शाळेत गैरहजर मूल भेटत नाही. एकटा विद्यार्थी ३० गावे करू शकत नाही हे मान्य. पण एका विभागातले पंधरा विद्यार्थी एकाच प्रश्नावर, एकाच नमुन्याची गावे वाटून घेऊन काम करू शकतात. पंधरा लहान सोयीच्या नमुन्यांपेक्षा तो एक नमुना कितीतरी मोलाचा ठरेल, आणि आड येते ती प्रत्येकाचा विषय वेगळा हवा ही प्रथा.

दुसरा आक्षेप असा की मनाचे मूलभूत नियम सर्वत्र सारखे असतात, मग नमुना कोणताही चालेल. दृष्टिभ्रमाच्या किंवा स्मरणाच्या काही प्रश्नांत यात तथ्य आहे. एबिंगहाउस यांनी विस्मरणाचा वक्र स्वतःवरच प्रयोग करून काढला. पण कोणता नियम सार्वत्रिक आहे हे सार्वत्रिक नमुना घेतल्याशिवाय कळत नाही. २००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी दाखवले की अमेरिकेतल्या प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची १२ टक्के लोकसंख्या राहते. आपण हा आकडा आवडीने उद्धृत करतो. तोच निकष आपल्याला लावला, तर नांदेड शहरातल्या एका महाविद्यालयाच्या वर्गावरून ‘भारतीय किशोर’ लिहिणारा अभ्यासही त्याच पंक्तीत बसतो.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि त्याला सर्वांत आदराने उत्तर दिले पाहिजे. त्रासलेल्या माणसांत चिठ्ठी टाकून अर्ध्यांना मदत नाकारायची? गोव्यात संगत या संस्थेने केलेला मानस हा प्रयोग इथे पाहावा. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या या अभ्यासात २४ दवाखान्यांत चिठ्ठी पडली, माणसांत नाही. काही दवाखान्यांत प्रशिक्षण दिलेले स्थानिक, डॉक्टर नसलेले समुपदेशक बसले. उरलेल्यांत तपासणीचा निकाल आणि उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरांना देण्यात आली. कोणाचीही नेहमीची सेवा हिरावली गेली नाही, उलट थोडी सुधारलीच. सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यांत समुपदेशन असलेल्या बाजूला ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, दुसऱ्या बाजूला ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. चिठ्ठी नसती तर ही पद्धत सगळीकडे सारखीच चालते असे समजून पैसा चुकीच्या जागी गेला असता.

चिठ्ठी न टाकण्याची किंमत मराठवाड्यात स्पष्ट दिसते. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन कोणी आधी-नंतरच्या मोजणीने करायचे म्हटले, तर दोन अडचणी समोर उभ्या राहतात. २०१४ आणि २०१५ दुष्काळाची वर्षे होती, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस भरपूर पाऊस झाला. मे महिन्यात मोजलेला ताण डिसेंबरमध्ये कमी निघाला, तर श्रेय समुपदेशकाचे की मांजरा धरणात आलेल्या पाण्याचे? दुसरी अडचण अशी की सर्वाधिक ताण असलेली माणसे निवडून घेतली, तर काहीही न करता त्यांचे पुढचे गुण सरासरीकडे झुकतात. कार्यक्रम उपयोगी असेलही. आपल्याला ते कळायला हवे, कारण तो उपयोगी असेल तर प्रत्येक तालुक्यात हवा, आणि नसेल तर त्याच्या जागी दुसरे काही तातडीने हवे. टप्प्याटप्प्याने तालुके घ्यायचेच होते, तर कोणता तालुका आधी हे चिठ्ठीने ठरवले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते, आणि नंतर येणारे तालुके तुलनेला मिळाले असते.

चौथा आक्षेप गुणात्मक संशोधन करणाऱ्यांचा: माणसाचे दुःख गुणांत मावत नाही. मावत नाही, हे खरे. पण ज्या सहा बायकांशी दीर्घ मुलाखती झाल्या त्या सहा कशा निवडल्या, कोणी गाठ घालून दिली, कोण बोलायला तयार झाले नाही, हे प्रश्न तिथेही सुटत नाहीत. उलट संख्या लहान असल्याने त्यांचे वजन वाढते. सरपंचाच्या घरी बसून भेटलेल्या सहा जणी आणि विहिरीवर भेटलेल्या सहा जणी वेगवेगळे गाव सांगतील.

पुढील प्रकरणांत अभिकल्पांचे प्रकार, वैधतेचे धोके, नमुना निवडीच्या पद्धती, नमुन्याचा आकार ठरवण्याची गणिते क्रमाने आली आहेत. ती वाचताना एक न झालेला अभ्यास डोळ्यांसमोर ठेवावा, असे सुचवतो. किल्लारी परिसरातल्या गावांच्या नुकसानीच्या नोंदी शासनाकडे आहेत. स्थलांतराच्या निकषात जेमतेम बसलेली गावे आणि जेमतेम न बसलेली गावे वेगळी काढायची. ती विध्वंसात जवळजवळ सारखी, आणि नशिबात वेगळी. दोन्हीकडच्या, भूकंपानंतर जन्मलेल्या, आज तिशीत पोचलेल्या माणसांची यादी मतदार यादीवरून करायची आणि बाहेरगावी गेलेल्यांना भावकीकडून शोधायचे. ऊसतोडीवर गेलेल्यांसाठी मे महिन्यात पुन्हा फेरी करायची. मग प्रत्येक गावातून वीस नावांची चिठ्ठी काढायची, आणि पहिला प्रश्न विचारण्याआधी आपण पंचनाम्याला आलेलो नाही हे सांगायचे.